पस्तीस हेक्टोलिटरचं गाव

अप्पांनी आयुष्यात वाईनचा एक थेंब चाखलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे. तरीही निफाडजवळच्या आमच्या मळ्यात २००५ ते २००९ अशी चार वर्षं दोन एकर शिराझ, म्हणजे वाईनच्या द्राक्षाची एक जात, उभी होती. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिकला वाईनरी उभ्या राहिल्या, आणि शिवारातल्या सहा घरांनी एका वाईनरीशी करार करून वाईनची द्राक्षं लावली. मग मंदी आली. चौथ्या वर्षी घड काळेभोर झाले तेव्हा वाईनरीने माल उचलायला नकार दिला. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. मंडीत त्याला कोण विचारणार, आणि बेदाणाही होत नाही. अप्पांनी बाग उपटली आणि तिथे टोमॅटो लावले. तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न होता, "फ्रान्समधला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकला गं?"

मी पुण्यात नोकरी करते. या सप्टेंबरात रजा जुळली, अप्पांचा पासपोर्ट आला, आणि आम्ही दोघं दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पाप या गावी जाऊन आलो. हेच गाव निवडलं, कारण फ्रान्सच्या वाईनवर आज जे 'आपेलास्यों'चे नियम आहेत, म्हणजे कुठल्या जमिनीवरच्या, कुठल्या वेलीच्या, किती मालाच्या वाईनला गावाचं नाव लावता येईल हे ठरवणारे, त्यांची मुळं इथल्या शेतकऱ्यांनी स्वतः लिहिलेल्या नियमांत आहेत.

दिवस पहिला: आव्हिन्यों

पॅरिसहून वेगवान रेल्वेने पावणेतीन तास. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि उत्तरेकडून असा वारा आला की अप्पांची टोपी उडाली. हा मिस्त्राल. रोन नदीच्या खोऱ्यातून खाली उतरणारा कोरडा, थंड वारा. इथली जुनी घरं उत्तरेकडे खिडक्या ठेवत नाहीत आणि शेतांच्या उत्तरेला सुरूसारख्या झाडांच्या भिंती असतात, त्या याच्यामुळेच. अप्पा टोपी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "या वाऱ्यात डावणी यायची नाही." दुसऱ्या दिवशी एका बागाईतदाराने अगदी हेच सांगितलं. पाऊस पडला तरी मिस्त्राल दोन दिवसांत वेली सुकवतो, म्हणून डावणीसारख्या बुरशीची फवारणी कमी लागते.

१३०९ ते १३७७ या काळात पोप रोमला नाही, इथे आव्हिन्योंला राहत. त्यांचा राजवाडा एखाद्या किल्ल्यासारखा आहे. तिथे दोन तास गेले, पण खरा जीव रमला तो मंडईत. बाहेरची भिंतच झाडांची, आत ऑलिव्हचे ढीग, अंजिरं, आणि जवळच्या काव्हायोंची खरबुजं. खरबूजवालीने देठाशी बोट दाबून, वास घेऊन, "आज खायचंय की उद्या?" असं विचारलं आणि त्याप्रमाणे वेगळं फळ काढून दिलं. अप्पांना ती बाई फार आवडली.

शाकाहारी मंडळींसाठी: 'पिस्तू' घातलेलं भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं, पण 'सां व्हियांद, सां लार्दों' (मांस नको, डुकराचे तुकडेही नकोत) असं दोनदा सांगा, नाहीतर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघतात. वांग्याचं 'पापेतों' हा इथला खास पदार्थ, भरताच्या नात्यातला, पण त्यात अंडं असतं. तो मी खाल्ला. अप्पांनी ऑलिव्ह घातलेल्या फुगास पावाबरोबर घरचा ठेचा खाल्ला आणि तृप्त झाले.

दिवस दुसरा: गोटे, ओवा आणि एक वकील

आव्हिन्योंहून गावाला बस आहे, पण फेऱ्या अगदी कमी. आम्ही गाडी भाड्याने घेतली. शेवटच्या वळणानंतर दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या आणि अप्पांनी गाडी थांबवायला लावली. जमिनीत माती दिसतच नव्हती. नारळाएवढे, पपईएवढे गुळगुळीत तांबूस गोटे, एकाला एक लागून पसरलेले, आणि त्यांच्यामधून वर आलेले कमरेएवढे बुटके वेल. मांडव नाही, तारा नाहीत, ठिबकची नळी नाही. पुरातन काळी रोन नदीने वाहून आणलेले हे गारगोटीचे दगड दिवसभर तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. अप्पा उकिडवे बसले, एक गोटा उचलून बाजूला केला, खालच्या मातीत बोट घातलं. ती ओलसर होती. "आच्छादन आहे हे," ते म्हणाले. "दगडाचं."

सगळी जमीन अशी नाही. चुनखडीच्या आणि वाळूच्याही जागा आहेत, आणि वाळूतली वाईन जास्त नाजूक मानतात. पण फोटोत सगळे गोटेच काढतात.

बांधावर एक खुरटं झुडूप होतं. अप्पांनी पानं चोळून नाकाशी धरली आणि माझ्यापुढे केली. "हा तर ओवा." ते थाइम होतं. ओव्याला आणि थाइमला वास देणारं द्रव्य एकच, थायमॉल, त्यामुळे अप्पांचं नाक चुकलं नव्हतं. आणि याच झुडपाने या गावाची हद्द ठरवली आहे.

ती गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्सभरच्या बागा मुळापासून खाल्ल्या. माल नाही म्हटल्यावर बनावट सुरू झाली. बेदाणे भिजवून वाईन, साखर घालून वाईन, दुसरीकडची स्वस्त वाईन आणून तिच्यावर नामवंत गावाचं लेबल. भाव कोसळले, आणि १९०७ साली शेजारच्या लांगदोकमध्ये वाईनचे शेतकरी लाखोंनी रस्त्यावर आले. शातोनफच्या नावाचंही मातेरं होत होतं. १९२३ मध्ये इथले शेतकरी बारों पिएर ल रुआकडे गेले. हा माणूस वकील, पहिल्या महायुद्धात वैमानिक होता, आणि गावातल्या शातो फोर्तियाच्या घराण्यात लग्न करून इथे स्थायिक झालेला. त्याची अट होती की दुसऱ्यांवर खटला भरण्याआधी स्वतःला बंधन घालून घ्यायचं.

मग नियम ठरले. गावाचं नाव फक्त त्याच जमिनीला, जिथे थाइम आणि लॅव्हेंडर उगवतं, म्हणजे जिथे दुसरं काही धड पिकत नाही अशी हलकी, कोरडी जमीन. नदीकाठचा काळा कसदार पट्टा बाहेर. ठरलेल्याच जातींचे वेल, छाटणी आखूड. साखर न घालता, द्राक्षाच्या स्वतःच्या गोडीवर किमान १२.५ टक्के अल्कोहोल. खुडणीत खराब मणी वेगळे काढणं सक्तीचं. आणि या नावाने गुलाबी वाईन करायची नाही. कोर्टकज्ज्यांत दहा वर्षं गेली, हद्दीवर १९३३ साली शिक्कामोर्तब झालं. १९३५ च्या कायद्याने देशभरासाठी व्यवस्था उभी राहिली, आणि १५ मे १९३६ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या काही आपेलास्योंमध्ये शातोनफ-द्यु-पाप होतं. ल रुआ पुढे या व्यवस्थेच्या राष्ट्रीय संस्थेचा वीस वर्षं अध्यक्ष होता.

अप्पांनी हे सगळं रात्री माझ्याकडून पुन्हा एकदा ऐकलं. कसदार पट्टा बाहेर ठेवला यावर ते बराच वेळ अडले. "ज्यांची काळी जमीन होती, त्यांनी ऐकलं कसं?" सगळ्यांनी नाहीच ऐकलं. म्हणून तर दहा वर्षं लागली.

दुपारी गावाच्या माथ्यावरच्या किल्ल्यात गेलो. पोप जॉन बाविसावा याने १३१७ पासून बांधलेलं हे उन्हाळी निवासस्थान. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आतला दारूगोळा उडवला आणि बुरुजाची अर्धी बाजू तेवढी उरली. तिथून रोन दिसते, पूर्वेला व्हाँतू डोंगराचा पांढरा माथा, आणि खाली पाच गावांच्या हद्दीत पसरलेल्या सुमारे ३२०० हेक्टर बागा. एक गंमत तिथेच कळली. १९५४ साली इथल्या महापौराने उडत्या तबकड्यांना गावावरून उडायला आणि गावात उतरायला बंदी करणारा हुकूम काढला होता, आणि तो अजून रद्द झालेला नाही.

वाईन चाखायला जाणार असाल तर: दुपारी बारा ते दोन सगळं बंद असतं. खुडणीच्या दिवसांत आधी फोन करून वेळ ठरवा. चाखून पिंपात थुंकणं इथे रीतीचं आहे, कुणी नाक मुरडत नाही. आणि गाडी चालवणाऱ्याने थुंकावंच, कारण रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमच्या वर गेलात की गुन्हा.

दिवस तिसरा: खुडणी

या दिवसासाठीच आम्ही आलो होतो. ज्या घरात उतरलो होतो तिथल्या बाईंनी आपल्या ओळखीच्या एका बागाईतदाराकडे शब्द टाकला होता. ते अप्पांच्याच वयाचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, अप्पांना फ्रेंच. त्यांची सून इंग्रजीत सांगायची आणि मी मराठीत. पण पहिल्या दहा मिनिटांत दोघांनी एकमेकांचे हात पाहिले, कात्री धरून घट्टे पडलेले, आणि मग आम्हा दोघींची गरज बरीच कमी झाली.

सकाळी साडेसहाला खुडणी सुरू झाली. यंत्राला इथे परवानगी नाही, सगळं हाताने. मजूर स्पेनचे, मोरोक्कोचे. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या हंगामाला मुक्कामी येतात, तशीच ही. गावाचं नाव जगभर आणि घड कापणारे हात लांबून आलेले, हे दोन्हीकडे सारखंच. दहा वाजता बांधावर पाव, चीज आणि टोमॅटो आले, सगळ्यांबरोबर आम्हीही बसलो.

वेल ग्रनाश या लाल जातीचे होते, साठीच्या पुढचे. एका वेलीला सहा-सात घड. मी मोजून पाहिले. अप्पांनी वही काढली. नियम असा की हेक्टरी ३५ हेक्टोलिटरपेक्षा जास्त वाईन या नावाने करता येत नाही. म्हणजे साडेतीन हजार लिटर. लिटरला साधारण सव्वा ते दीड किलो द्राक्ष धरलं तर एकरी दोन टनांच्या आतबाहेर. आमची खायच्या द्राक्षाची थॉमसन एकरी दहा टन जाते. शिराझसुद्धा आम्ही सहा टन काढली होती, कारण पैसे वजनावर मिळायचे आणि सगळेच पाणी सोडायचे. अप्पा आकड्याकडे बघत राहिले. "आम्ही तिप्पट काढली," ते म्हणाले. "आणि त्यात चव राहील असं आम्हाला वाटलं."

सुनेने सांगितलं की आकडा नुसता कागदावर नाही. तपासणीसाठी माणसं बागेत येतात. तुटाळ, म्हणजे मेलेल्या वेलींच्या रिकाम्या जागा, फार असली तर तेवढ्या प्रमाणात मुभा कमी होते, कारण नाहीतर उरलेल्या वेलींवर जास्त माल लादून कोणीही ३५ चा आकडा गाठेल. नव्या लागवडीचा माल पहिली काही वर्षं या नावात धरत नाहीत. पाणी द्यायला सर्वसाधारण बंदी, फारच दुष्काळ पडला तर परवानगी मागायची. शेवटी वाईनचे नमुने चाखले जातात. मर्यादेच्या वर पिकलं, तर ते या नावाने विकता येत नाही.

मग निवड. प्रत्येक मजूर घड कापून तो फिरवून बघत होता. सडके मणी, कच्चे मणी, उन्हाने करपलेले, कात्रीच्या टोकाने काढून गोट्यांवर टाकत होता. काही वेळा अख्खा घड. नियमाप्रमाणे किमान ५ टक्के माल असा बाजूला काढावाच लागतो, हंगाम कितीही चांगला असो. अप्पांना ते बघवेना. गारपिटीनंतर खाली पडलेला प्रत्येक घड उचलून मनुक्यासाठी वाळत घालणारा हा माणूस. त्यांनी एक टाकलेला घड उचलला, त्यातले चार चांगले मणी काढून खाल्ले आणि बागाईतदारांकडे पाहिलं. ते हसले नाहीत. वाकून त्यांनी त्याच घडातला मधला एक मणी फोडून दाखवला. आतून तो तपकिरी झाला होता. अप्पांनी मान हलवली. नंतरचा तासभर ते कात्री घेऊन त्या रांगेत होते आणि त्यांच्या पायाशीही मणी पडत होते.

दुपारी सावलीत बसल्यावर म्हाताऱ्या बागाईतदारांनी एक तक्रार केली, ती मला फार मोलाची वाटते. किमान १२.५ टक्क्यांचा नियम झाला तेव्हा तेवढी गोडी भरणं हीच परीक्षा होती. कच्चा माल खुडून साखर घालणाऱ्याला तो अडवायचा. आता उन्हाळे इतके तापलेत की ग्रनाश सहज १५ टक्क्यांवर जाते. आता काळजी उलटी आहे, वाईन जड होण्याची. त्यांच्या वडिलांच्या आठवणीत खुडणी सप्टेंबर अखेरीची असे, हल्ली कधी ऑगस्टमध्येच कात्री काढावी लागते. नियमांत १३ जाती आहेत (फळाच्या रंगाप्रमाणे मोजल्या तर १८), त्यातल्या कूनुआज, तेरे नुआर, पिकपूल अशा मागे पडलेल्या जाती काही जण आता पुन्हा लावतायत, कारण त्यांच्यात आंबटपणा टिकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी यादी लांब ठेवली, तिचा आज उपयोग होतोय.

संध्याकाळी तळघरात मी त्यांची वाईन चाखली. बाटलीच्या काचेतच पोपचा मुकुट आणि किल्ल्या उठवलेल्या असतात. मला त्यात सुकलेली करवंदं लागली आणि पाठीमागून ओवा. अप्पांनी फक्त ग्लासचा वास घेतला. "बांधावरचं झुडूप," ते म्हणाले.

दिवस चौथा: नदीपलीकडे

रोन ओलांडली की रोकमोर. आता शांत असलेलं हे गाव एकेकाळी वाईनचं मोठं बंदर होतं. १७३७ मध्ये राजाच्या हुकुमाने इथून निघणाऱ्या पिंपांवर 'सी डी आर' ही अक्षरं आणि साल डागायला सुरुवात झाली, दुसरीकडची वाईन इथली म्हणून जाऊ नये म्हणून. कोत द्यु रोन या, आज रोन खोऱ्यातल्या साध्या वाईनला लागणाऱ्या, नावाची ती मुळं. आणि याच गावात १८६० च्या दशकात अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर फायलॉक्सेरा फ्रान्समध्ये पहिल्यांदा दिसला. उपायही अमेरिकेतच सापडला. तिकडच्या वेलीची मुळं कीड सोसतात, म्हणून खुंट तिकडचा आणि डोळा इकडचा. हे अप्पांना समजवावं लागलं नाही. आमची थॉमसन डॉगरिजच्या खुंटावर आहे, आणि डॉगरिजही मूळची टेक्ससची.

तिथून पुढे तावेल. शातोनफमध्ये गुलाबी वाईनला बंदी, आणि इथे फक्त गुलाबीच. लाल केली तर तिला तावेल म्हणता येत नाही. दोन्ही नावं १९३६ ची, मध्ये एक नदी. तिथल्या खानावळीत जेवताना मला पहिल्यांदा नीट कळलं की हे नियम 'चांगली वाईन' कशी करायची ते सांगत नाहीत. नाव घेतलं की काय मिळेल, एवढंच ते बांधून देतात.

ऊन कडक होतं, वारा पडला होता. अप्पा दमले, म्हणून दुपारी परतलो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर एका दिवसात दोनच गावं ठेवा.

दिवस पाचवा: जिगोंदास

करवतीसारख्या चुनखडीच्या सुळक्यांखालचं देखणं गाव. १९७१ पर्यंत इथली वाईन कोत द्यु रोन व्हिलाज म्हणून विकली जायची, मग तिला स्वतःचं आपेलास्यों मिळालं. जवळच्या व्हाकेरास गावाला १९९० मध्ये, केरानला २०१६ मध्ये. म्हणजे ही शिडी बंद झालेली नाही, गाव मिळून वर चढू शकतं.

इथे एक तरुण बागाईतदारीण भेटली. तिने गावाचं नाव सोडून दिलंय आणि साध्या 'वँ द फ्रान्स' लेबलखाली विकते, कारण तिला यादीत नसलेली जात लावायची होती. तिची पांढरी वाईन मला सगळ्या प्रवासात सर्वांत आवडली. तेव्हा नाव म्हणजे चवीची हमी नव्हे, हे नोंदवून ठेवते. त्याच शातोनफच्या नावाखाली मी एक अगदी पाणचट बाटलीही चाखली होती. तरी तिला विचारलं, नियम नसते तर? ती म्हणाली, मग या डोंगरावर आज घरं असती, वेली नसत्या.

परतीचा दिवस

स्टेशनवर गाडीला तास होता. अप्पांनी वही उघडून मला विचारलं, आपल्याकडे असं काही आहे का? मी सांगितलं, भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, आणि नाशिक व्हॅली वाईनला ते मानांकन मिळालेलं आहे. पण एकरी किती टन काढायचे, कुठली माती आत आणि कुठली बाहेर, याचं असं बंधन आपल्या बागेवर कुणी घातलेलं नाही. "घालणार कोण?" अप्पा म्हणाले. "इथं शेतकऱ्यांनीच घातलं ना."

मग त्यांनी माझा फोन मागितला आणि भावाला लावला. निफाडला तेव्हा दुपार होती, गोडी छाटणीच्या तयारीची गडबड. वाऱ्यामुळे अप्पा मोठ्याने बोलत होते. "त्या सहा घरांपैकी कुणाच्या बांधाला अजून शिराझचा एखादा वेल उभा आहे का बघ. आणि रविवारी सगळ्यांना मळ्यात बोलव. नाही, विकायचं काही नाही. वहीत थोडं लिहून आणलंय, ते वाचून दाखवायचंय."